कवळीवाल्या बाई लिहित्या कशा झाल्या

कवळी डॉक्टरांकडे मिळते, पण डॉक्टर ती करत नाहीत, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात आणि एका चिठ्ठीसोबत पाठवून देतात. पुढचं सगळं मागच्या गल्लीतल्या एखाद्या खोलीत होतं. तिथे प्लास्टरची पांढरी धूळ असते, मेण वितळवायची छोटी शेगडी असते आणि डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा चढवून कोणीतरी एकेक दात रांगेत लावत बसलेलं असतं. आपल्या गोष्टीतल्या खोलीत बाई बसत. त्या एकोणिसाव्या वर्षी तिथे आल्या आणि एकावन्नाव्या वर्षीही त्याच खिडकीपाशी त्याच स्टुलावर होत्या. स्टूल मात्र तीनदा बदललं होतं. आसपासचे सगळे त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. नळवाला, चष्मेवाला, तशा आपण कवळीवाल्या.

काम शिकवलं वस्तादांनी. लॅब त्यांचीच. उंच, वाकलेले, बोलायला कंजूष. शिकवण्याची त्यांची रीत जराशी चमत्कारिक होती. नवा ठसा आला की बाईंना हत्याराला हात लावू देत नसत. साचा समोर ठेवायचे आणि विचारायचे, "कोण आहे हा?"

"मला काय माहीत? चिठ्ठीवर नाव नाही. पुरुष, वय चौसष्ट, एवढंच आहे."

"चिठ्ठी सोड. साचा बघ."

मग बाई बघत. डाव्या बाजूची हिरडी जास्त झिजलेली. म्हणजे हा वर्षानुवर्षं डावीकडूनच चावतोय. म्हणजे उजवी दाढ कधीतरी दुखली, आणि हा डॉक्टरकडे गेला नाही, दुसऱ्या बाजूने चावू लागला. म्हणजे भित्रा. किंवा चिकट. किंवा घरात दुसरं कोणी त्याहून आजारी होतं, आणि याच्या दाढेकडे बघायला वेळच नव्हता.

"हां," वस्ताद म्हणत, "आता लाव दात."

असं बत्तीस वर्षं चाललं. हजारो तोंडं बाईंच्या हाताखालून गेली आणि त्यातल्या एकालाही त्यांनी पाहिलं नव्हतं. प्रत्येकाचा त्यांनी मनातल्या मनात एक माणूस केला, त्याला साजेसे दात लावले, डबा बंद करून पाठवून दिला आणि विसरून गेल्या. आपण बत्तीस वर्षं गोष्टी रचतोय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पुस्तकं त्या वाचत, पण पुस्तक लिहिणारी माणसं वेगळ्या मातीची असतात असा त्यांचा पक्का समज होता.

तो समज मोडला एका शिट्टीने.

झालं असं, की अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंच्या वरच्या कवळीचं काम आलं. पक्की कवळी करण्याआधी मेणावर दात लावून नमुना पाठवायचा असतो. डॉक्टर तो तोंडात बसवून बघतात, आरसा दाखवतात, पेशंट मान हलवतो आणि मग पुढचं काम होतं. हा नमुना परत आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पेशंट खूश नाही.' बाईंनी पटाशीचे दात थोडे लहान केले. पुन्हा परत. 'छान दिसते, पण नको म्हणतात.' तिसऱ्यांदा परत आला तेव्हा डॉक्टरांचं अक्षर चिडलेलं दिसत होतं: 'शीळ घालता येत नाही म्हणतात. मी काय करू?'

वस्ताद तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. बाईंनी स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. म्हणाल्या, "मी येते तिकडे. त्यांना बोलवा."

"तुम्ही? अहो, लॅबमधून कोणी येत नाही कधी."

"मग यावेळी येईल."

बाईंनी मेण, सुरी आणि छोटी शेगडी पिशवीत घातली आणि गेल्या. दवाखान्याच्या खुर्चीत एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई पाय हलवत बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. फार बोलणं झालं नाही. बाईंनी नमुना बसवला आणि म्हणाल्या, "घाला शीळ." नुसती हवा आली. बाईंनी सुरी तापवली, पुढचे दोन दात केसभर पुढे ओढले, टाळूच्या बाजूचं मेण खरवडून पातळ केलं. "आता?" हवाच, पण जरा बारीक. असं अकरा वेळा झालं. डॉक्टर आधी घड्याळाकडे बघत होते, मग खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसले. बाराव्या वेळी खोलीत अशी काही शीळ घुमली, की बाहेर ताटकळत बसलेले पेशंट दार उघडून आत डोकावले. आधी लांब, सरळ, आणि शेवटी वर उचललेली. ती ठेंगणी बाई इतकी हसली, की नमुना निसटून मांडीवर पडला.

काम फत्ते झालं. बाईंनी पिशवी आवरली, बसमध्ये बसल्या, आणि दुसऱ्या थांब्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण विचारलंच नाही. अडुसष्टाव्या वर्षी एखाद्या बाईचं शिळेवाचून इतकं काय अडतं? दिसायला छान दात नाकारून ती तीन वेळा शिळेसाठी कशी अडून बसते?

घरी येऊन स्वयंपाक केला, जेवणं झाली, पण डोक्यातला भुंगा जाईना. कोणाला बोलवत असेल? कुत्रं? नातवंडं? की शेजारच्या बाईला खिजवत असेल? दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून त्या जेवणाच्या टेबलापाशी बसल्या. हाताशी कागद नव्हता. लॅबच्या वापरून झालेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, एका बाजूने कोरा. त्यावर लिहायला घेतलं. एका चिठ्ठीवर एक कारण. चिठ्ठी तळहाताएवढी, त्यामुळे पाल्हाळाला जागाच नाही.

नवव्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'तिच्या नवऱ्याची नजर गेली आहे. घरात ती कुठे आहे हे त्याला शिळेवरून कळतं.' आणि त्यांचा हात थांबला. त्या नवऱ्याची खुर्ची त्यांना दिसली. खुर्चीचा उजवा हात जास्त घासलेला, कारण तो त्याच हाताचा आधार घेऊन उठतो. ती बाई नव्या कवळीमुळे मुकी झालेली, आणि तो घरभर तिला शोधतोय, ती समोर उभी असताना. बाईंनी दहावी चिठ्ठी ओढली, अकरावी ओढली. बाईंचा नवरा उठून आला तेव्हा टेबलभर चिठ्ठ्या पसरल्या होत्या.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. साधा, हसरा माणूस. "काय गं, पहाटे पहाटे एकटीच पत्ते खेळतेस?"

"अहो, गोष्ट लिहितेय."

"कोणाची?"

"तेच अजून कळायचंय."

त्याने दोन क्षण चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि सरळ चहा टाकायला गेला. या बाबतीत बाई नशीबवान. पुढेही त्याने कधी 'कशाला हे उद्योग' म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणे, की न्याहारीपर्यंत टेबल मोकळं करून दे.

महिन्याभरात गोष्ट पुरी झाली आणि बाईंनी ती वहीत उतरवली. उतरवताना मात्र घात झाला. वही म्हटल्यावर त्यांना वाटलं, आता साहित्य लिहायचं आहे, आता नटायला हवं. शीळ 'आर्त' झाली, खुर्ची 'मूक साक्षीदार' झाली, साध्या चहाच्या कपातूनही 'आठवणींची वाफ' निघू लागली. लेकीने वाचलं. लेक शाळेत गणित शिकवायची आणि आईशी बोलतानाही खडू हातात असल्यासारखी बोलायची. "आई, यात चार पानं खरी आहेत. बाकीची पाहुण्यांसाठी आहेत."

बाईंना राग आला. वही घेऊन त्या वस्तादांकडे गेल्या. वस्तादांच्या तोंडात आता बाईंनीच केलेली कवळी होती. आरामखुर्चीत बसून त्यांनी दोन पानं मन लावून ऐकली आणि तिसऱ्या पानावर चक्क घोरायला लागले.

"वस्ताद!"

"ऐकतोय." त्यांनी डोळे उघडले. "एक सांग. एखादा म्हणाला, मला एकदम पांढरेशुभ्र, एका रेषेत, मोत्यासारखे दात दे. तर तू काय करतेस?"

"देत नाही. समजावते. डॉक्टरांना कळवते, की खोटे दिसतील."

"मग खरे दिसावेत म्हणून काय करतेस?"

"रंग जरा मळका घेते. एखादा दात तिरका लावते. वयाप्रमाणे कडा झिजवते."

वस्तादांनी पुन्हा डोळे मिटले. बाई वही पिशवीत घालून घरी निघाल्या. वाटेत त्या स्वतःवरच हसत होत्या. इतकी वर्षं हाताला जे येत होतं, ते पेन धरल्याबरोबर गेलं कुठे?

त्या दिवसापासून त्यांची कामाची पद्धत बसली. पहाटे पाच ते साडेसहा लिहायचं, तेही चिठ्ठ्यांवरच. सुचलं तर सुचलं, नाहीतर कालच्या चिठ्ठ्यांचा क्रम बदलायचा. लॅबमध्ये प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात नवं काही लिहायचं नाही, फक्त तांबडी पेन्सिल घेऊन आधीचं घासायचं. मोठ्याने वाचायचं आणि जिथे जीभ अडखळेल तिथे कापायचं. पहिल्या गोष्टीची छत्तीस पानं होती, ती चौदा झाली. 'आर्त' गेलं. चहातली वाफही गेली. खुर्चीचा घासलेला हात राहिला.

गोष्ट एका मासिकाला पाठवली. दीड महिन्याने साभार परत आली. सोबत संपादकबाईंच्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'शेवट घाईत उरकलाय. पण यातली बाई जिवंत आहे, म्हणून परत पाठवते. पुन्हा लिहा.'

लेकीचा चेहरा उतरला. "वाईट नको वाटून घेऊस, आई."

"वाईट कसलं? कारण लिहून आलंय. आमचे डॉक्टर तर नुसतं 'बसत नाही' म्हणून पाठवतात."

आणि खरंच, त्यांना काही लागलं नाही. परत आलेलं काम पुन्हा हातात घेणं हा त्यांचा रोजचा व्यवहार होता. नुसत्या शेवटाच्याच त्यांनी सात तऱ्हा केल्या. सातवी गेली ती छापून आली. मासिकाचा अंक नवऱ्याने लिफ्टच्या कामावर नेला आणि ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला जाईल तिथल्या वॉचमनला दाखवत फिरला.

आठवडाभराने दवाखान्यातून फोन. डॉक्टर जरा चाचरतच बोलत होते. "त्या शिट्टीवाल्या आजींनी मासिक वाचलंय. तुमच्या लॅबचा पत्ता मागत होत्या. मी दिला. द्यायला नको होता का?"

बाईंनी फोन ठेवला. शीळ तर तिचीच उचलली होती. दात, पाय न पोचणारी खुर्ची, सगळं तिचं. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. दोन दिवस दाराशी पाऊल वाजलं की त्या दचकत. तिसऱ्या दिवशी ठेंगणी बाई हजर. समोरच्या स्टुलावर उडी मारल्यासारखी बसली. मांडीवर मासिक.

"तुम्हीच ना लिहिलंय हे?"

"हो. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"ते राहू द्या. मला सांगा, माझ्या नवऱ्याला आंधळं कशाला केलंत? अहो, त्यांना सगळं दिसायचं. नको तेवढं दिसायचं. शर्टाचं बटण सैल झालेलं, डब्याचं झाकण तिरकं लागलेलं. त्यांना दिसायचं नाही असं जगात काही नव्हतं."

बाईंना हसू आवरेना. ती पण हसली. मग तिने न विचारताच सांगितलं. लहानपणी ती शीळ घालायला शिकली आणि वडिलांनी दटावलं, मुलीच्या जातीने शीळ घालायची नाही. मग ती न्हाणीघरात, नळ सोडून घालायची. लग्न झालं, नवऱ्यालाही आवडेना. पुन्हा न्हाणीघर, पुन्हा नळ. पन्नासएक वर्षं अशीच गेली. नवरा वारला, मुलं आपापल्या घरी गेली, घर तिचं एकटीचं झालं. "म्हटलं, आता कोणाची भीती? घरभर फिरत मनसोक्त शीळ घालायची. तर दातच गेले! आता बोला."

बाईंना जाणवलं, आपण रचलेल्यापेक्षा हे कितीतरी निराळं, आणि कितीतरी धीट.

"तुमची गोष्ट चांगली आहे," ती उठता उठता म्हणाली. "मी रडले वाचून. पण ती बाई मी नाही. तेवढं बरंय, नाहीतर लोक विचारत बसले असते. आता हे जे सांगितलं तेही लिहायचं असेल तर लिहा. फक्त मला जराशी बारीक करा."

बाईंना वाटलं, ही तर आयती गोष्ट हातात आली, महिन्याभरात होईल. प्रत्यक्षात वर्ष गेलं. गंमत अशी, की पहिल्या वेळी काही ठाऊक नव्हतं म्हणून मन मोकळं धावलं. आता सगळं ठाऊक होतं आणि त्यामुळे पेन हलत नव्हतं. जे सांगितलं तेच कागदावर उतरे, आणि उतरलं की बातमीसारखं कोरडं दिसे. चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे केराच्या टोपलीत गेले. बाई चिडचिड करत, पण पहाटेचं बसणं मात्र चुकवत नसत. काही न सुचता दीड तास बसून राहणं हेही कामच आहे, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती.

एका पहाटे त्यांनी वडिलांना दटावायला लावायच्या जागी आईला आणलं, आणि त्या आईच्या तोंडी वाक्य आलं, "फार बोलतेस तू. ऐकणाऱ्याला उबग येतो." ते वाक्य लिहिलं आणि बाईंनी ते पुन्हा मोठ्याने वाचलं. कारण ते शिळेवाल्या बाईंचं नव्हतंच. बाई लहान असताना शाळेतून आल्या की रस्त्यात पाहिलेल्या माणसांबद्दल तासन् तास बडबडत. कोण कसा चालत होता, कोणाच्या पिशवीत काय असेल. तेव्हा त्यांची आई हेच म्हणायची, अगदी याच शब्दांत. मग त्या गप्प झाल्या होत्या. इतक्या गप्प, की पुढे माणसं न भेटणारं काम त्यांना आवडलं.

त्या पहाटे साडेसहाला त्या उठल्या नाहीत. साडेसातला नवरा टेबलाशी येऊन उभा राहिला, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आपली न्याहारी ताटलीत घेऊन उभ्याउभ्याच खाऊ लागला. लॅबला त्या दिवशी तासभर उशीर झाला. कधी नव्हे तो झाला, आणि त्याचं बाईंना काडीमात्र वाईट वाटलं नाही. गोष्ट पंधरा दिवसांत संपली. तिच्यातली बाई शिळेवाल्या बाईसारखी गोल नाही की ठेंगणी नाही. ती फार बोलते, न्हाणीघरात नळ सोडून.

पुढे बाईंचं पुस्तक आलं, चौदा गोष्टींचं. वाचनालयात छोटासा कार्यक्रम झाला. तीसएक माणसं होती. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. "बाई, लेखकाला प्रेरणा नेमकी कुठून मिळते?"

बाई म्हणाल्या, "मला सांगता नाही यायचं. मला एवढंच माहीत आहे की एखादी गोष्ट मला कळत नाही. आणि ती न कळल्याने झोप लागत नाही. मग मी पाचला उठते."

"आणि उठूनही सुचलं नाही तर?"

"तर सहापर्यंत बसते."

लोक हसले. बाईंना हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, त्या खरं तेच सांगत होत्या. पण हसणं त्यांना आवडलं, आणि मग त्या बोलत सुटल्या. वाचनालयाच्या शिपायाने दोनदा किल्ल्या वाजवल्या तरी थांबल्या नाहीत. मागच्या रांगेत लेक बसली होती. ती म्हणते, आई एवढी बोलताना मी जन्मात प्रथम पाहिली.

आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. लॅब चालूच आहे, आणि कादंबरी लिहायला घेतली आहे. दोन बहिणींची, ज्या एकत्र टायपिंगचा क्लास चालवतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. निरोप द्यायचा तर टाइप करून समोर ठेवतात. चाळीस पानं झाली आणि बाई अडल्या. टाइप करताना करंगळीला काय वाटतं, तेच त्यांना माहीत नव्हतं. विचारून भागण्यासारखं नव्हतं. त्यांनी सरळ क्लासला नाव घातलं. शनिवारी दुपारी, मुलामुलींच्या घोळक्यात.

"या वयात परीक्षा द्यायचीय का, काकू?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"बघू. आधी हात बसू दे."

आता मिनिटाला तीस शब्दांपर्यंत मजल गेली आहे. करंगळी दुखते, आणि ती कशी दुखते हे एक्केचाळिसाव्या पानावर आलं आहे. घरी जेवताना त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चालत असतात. नवरा समोर बसून बघत असतो. परवा म्हणाला, "पुढची कादंबरी लिफ्टवर लिही. शिकवायला मी आहे घरचाच."

"लिफ्टमध्ये काय असतं लिहिण्यासारखं?" बाई म्हणाल्या.

मग बोटं थांबली. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे नीट पाहिलं, जसं इतक्या वर्षांत पाहिलं नसेल. आणि विचारलं, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, तेव्हा आतली माणसं सगळ्यात आधी काय बोलतात हो?"